बुडालेल्या फौजीची बायको

बोडीटोल्यात शिरायचं तर प्रफुलच्या खालून जावं लागतं. गावाच्या तोंडाशी सिमेंटचा गेट आहे. त्यावर निळ्या अक्षरांत ‘शहीद प्रफुल नागपुरे प्रवेशद्वार’ असं लिहिलेलं आहे आणि दोन्ही खांबांवर बंदूक धरलेला जवान काढला आहे. मूल गावाकडून येणारी एसटी त्याच्याखाली आली की हळू होते. भाताच्या रोवणीच्या बाया त्याच्याखालून जातात, तलावावरून मासोळीची टोपली घेऊन निघालेली माणसं जातात, बकऱ्या जातात. चंदाही जाते. पण चंदा वर पाहत नाही.

गावाला वाटतं, ओझं वाहून वाहून हिची मान खाली गेली. ओझं तिनं वाहिलं हे खरं आहे. पण मान त्यामुळे गेली नाही. चंदाला त्या गेटचा हेवा होता. उन्हात सावली जशी पायाशीच राहते, तसा तो हेवा वर्षानुवर्षं तिच्या पायाशी राहिला. मी तिच्या शेजारच्या गल्लीत वाढलो. आमच्या गावाचं बरंवाईट मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, म्हणून हे लिहितो आहे.

चंदाचा नवरा धनराज शेंडे. रंजीताचा नवरा प्रफुल. दोघेही ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, मोहल्ल्यातले, दोघेही पहाटे एकाच नहराच्या काठानं धावायचे, दोघेही एकाच भरतीत फौजेत लागले. दोघांची लग्नंही एकाच उन्हाळ्यात झाली. आमच्या मोठ्या तलावावर दोन्ही नव्या नवऱ्या एकाच दिवशी हळदीचे पाय धुवायला गेल्या, तेव्हा कोणाचे पाय गोरे यावर बायांनी पैजा लावल्या होत्या. पुढे तीनेक वर्षांनी, एकाच वर्षात, दोघींचं कुंकू गेलं. प्रफुल सरहद्दीवर गोळीनं गेला. धनराज पूर्वेकडच्या एका नदीच्या पुरात बुडून गेला.

दोन्ही पेट्यांवर झेंडा होता. पण प्रफुलच्या पेटीमागे गाड्यांची रांग होती, शाळेची पोरं घोषणा देत होती, फुलांनी रस्ता झाकला होता. धनराजच्या पेटीसोबत एक सुभेदार आणि चार जवान आले, त्यांनी सलामी दिली, चहा घेतला आणि ते गेले. मरणातही वरची पंगत आणि खालची पंगत असते, हे चंदाला त्या दिवशी कळलं.

मग दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला रंजीताला बोलावणं यायचं. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. रंजीताकडे शाली इतक्या झाल्या की तिनं त्या जोडून गोधडी शिवली आणि अंगणात दांडीवर वाळत घातली. चंदानं ती गोधडी पाहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. घरात येऊन धनराजच्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मराचंच होतं त एक गोळी नाई भेटली का रे तुले?”

नवऱ्याला असं बोलणारी बाई वाईट म्हणाल तर म्हणा. पण ती रोज त्या गेटखालून जायची, तुम्ही नाही.

पैशातही फरक होता. फौजेच्या नियमांत मरणाचे कप्पे आहेत. लढाईतलं मरण एका कप्प्यात, कामावरचं दुसऱ्यात, आणि आपल्या मनानं ओढवून घेतलेलं मरण सगळ्यात खालच्या कप्प्यात. धनराज त्या खालच्या कप्प्यात पडला होता, आणि त्याला तिथं ढकलणारं कोणी परकं नव्हतं. त्याचा सख्खा बाप होता. मनसाराम.

मनसाराम म्हणजे आमच्या तलावावरचा पहिल्या नंबरचा जाळेकरी. त्यानं जाळं फेकलं की ते पाण्यावर गोल उघडायचं, आणि काठावरची माणसं बोलणं थांबवून पाहायची. धनराजच्या मरणानंतर चौकशीसाठी एक अधिकारी आला. अंगणात खाटेवर बसून त्यानं विचारलं, “बाबा, मुलाला पोहता येत होतं ना?”

मनसारामनं छाती काढली. “साहेब, ढिवराचं पोरगं हाय. मासोळीच होती थे. पाणी दिसलं का उतरलंच समजा. त्याले कोनी सांगाची गरज नाई पडत.”

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. त्याला जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं. कोणाचा हुकूम नव्हता, जवान आपल्या मनानं पाण्यात उतरला. मनसारामला वाटलं, आपण पोराची कीर्ती सांगितली. चंदा दाराच्या आत पदर ओढून बसली होती. सासऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. तिनं उघडलं नाही.

मोहल्ल्यानं मात्र उघडलं. लच्छू नावाचा एक तोंडाळ म्हातारा जाळं विणता विणता म्हणाला, “ढिवराचं पोरगं पाण्यात मरते का गा? घेतली असन त्यानं.” आणि ते गावभर झालं. प्रफुल शहीद, धनराज पिऊन बुडालेला.

खरं काय ते चंदाला ठाऊक होतं. धनराजला पोहताच यायचं नाही. लहानपणी जाळ्यात पाय अडकून तो तलावाच्या तळाला गेला होता. तेव्हापासून पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्याचे दात वाजायचे. बापाच्या होडीत बसायला नको म्हणून तो फौजेत पळाला होता. मनसारामला हे माहीत होतं, पण जाळेकऱ्याचा पोरगा पाण्याला भितो हे त्यानं कधी घराबाहेर जाऊ दिलं नाही.

आणि आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती. धनराजच्या पलटणीतल्या एका जोडीदारानं मागाहून फोन करून सांगितली होती. पुरात फौजेची नाव उलटली, दोन जवान झाडाला लटकले. काठावर सुभेदार ओरडला, “अरे, वो मछुआरा किधर है?” सगळ्यांनी धनराजकडे पाहिलं. पलटणीत त्याचं नावच मछुआरा पडलं होतं. त्यानं बूट काढले, कमरेला दोर बांधला आणि उतरला. प्रवाहानं त्याला झाडावर आपटलं, दोर त्या दोघांच्या हाती लागला, ते वाचले. तो वाचला नाही.

हे सांगायचं म्हणजे सासऱ्याला खोटं पाडायचं आणि मोहल्ल्याला सांगायचं की मनसारामचं पोरगं पाण्याला भ्यायचं. चंदा गप्प राहिली. गप्प राहणाऱ्या माणसाचा हेवा लवकर विझत नाही. तिचाही विझला नाही.

मग एके दिवशी गावाचा कोतवाल इसरू सायकलवरून रंजीताच्या अंगणात उतरला. चंदा तिथंच उडीद पाखडत होती, कारण हेवा असला तरी दोन्ही घरांचं अंगण एकच होतं.

“रंजीताबाई, ऊर्जानगरले बलावलं हाय तुमाले. दिल्लीची समिती येऊन राह्यली. खासदार लोकाईची.”

“कायची समिती?”

“फौजेले हिशोब विचारनारी. सरकार फौजेसाठी काय करते, बंदुका कशा घेते, जवानाच्या बायकापोराईले पाहाते का नाई, सारं विचारते म्हने.”

“बाप्पा!” रंजीताची सासू दारातून म्हणाली. “फौजेले कोन विचारन? तिच्यापाशी तोफा हायेत.”

“तिलेबी विचारनारे रायते, बाई. तोफा असो का काही असो, संसदेत उत्तर द्याच लागते.” इसरूनं हे अशा तोऱ्यात सांगितलं, जणू प्रश्न तोच विचारणार होता. “शहीदाच्या घरच्या बाईचं म्हननं आयकाचं हाय त्याईले. संगं एक जन चालते.”

चंदाच्या हातातलं सूप थांबलं. दिल्ली गावापर्यंत आली होती, आणि तीही रंजीताच्याच दारात.

इसरू गेल्यावर रंजीता जवळ येऊन बसली. “चंदे, तू चाल ना वं माह्यासंगं. मले हिंदी नाई जमत. तू दोन साल कॅन्टोन्मेंटात राह्यली, तुले फटफट येते.”

“माह्यं काय काम तिथी? माह्या नवऱ्याच्या नावाचा गेट हाय का?”

“अशी काऊन बोलतेस?”

“मंग कशी बोलू? येतो म्हनलं ना.”

ती हो म्हणाली, कारण तिला ती खुर्ची पाहायची होती. जी आपल्याला मिळणार नाही, ती खुर्ची कशी असते ते डोळ्यांनी पाहायचं होतं. न्यायला आलेल्या सरकारी जीपमध्ये जागा होती, म्हणून मनसारामही निघाला. “मले चंद्रपूरले डोळे दाखवाचे हायेत,” तो म्हणाला. फौजेला हिशोब विचारणारी माणसं त्यालाही पाहायची होती, पण ते त्यानं सांगितलं नाही.

चंद्रपूरजवळचं ऊर्जानगर लागलं तेव्हा वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. क्वार्टरांतून मोटारसायकली निघत होत्या, कंपनीच्या बसगाड्या कामगारांना घेऊन वळत होत्या. विश्रामगृहाच्या दारात पोलिसांनी नावं विचारली. रंजीताचं नाव घेताच एक साहेब धावत आला, तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि ‘या ताई, या ताई’ करत आत घेऊन गेला. चंदाला आणि मनसारामला मागच्या भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या दाखवल्या.

आत लांब टेबल होतं. एका बाजूला खासदार, दुसऱ्या बाजूला फौजेचे अधिकारी आणि दिल्लीहून आलेले संरक्षण खात्याचे साहेब. मधल्या खुर्चीत पांढऱ्या केसांची एक खासदारबाई बसली होती. तीच त्या दिवशी समितीची मुख्य होती. रंजीतासमोर तिच्या नावाची पाटी होती, पाण्याची बाटली होती, आणि बोलायचा माइकचा दांडा होता. चंदानं सगळं पाहून घेतलं. पाटीवरचं नाव, बाटलीचं निळं झाकण, टेबलावरचा पांढरा कपडा. जुनाच हेवा पुन्हा उठला.

खासदारबाईनं मऊ आवाजात रंजीताला विचारलं, “बेटी, कोई तकलीफ? जो भी हो, खुलकर कहो. यहाँ की बात बाहर नहीं जाती, पर हम सरकार से जवाब ज़रूर माँगते हैं.”

रंजीता सावरून बसली. तिनं पाण्याची बाटली उघडली, पुन्हा लावली. शेवटी म्हणाली, “सब ठीक है, मॅडम.” मग थोडं थांबून, “गेट का रंग उड गया है. रंग मारके मिलेगा तो…”

कोणी हसलं नाही. एका साहेबानं रंग लिहून घेतला.

चंदाच्या अंगातून मात्र वीज गेली. हिला देशाच्या संसदेसमोर बसवलं, आणि हिनं रंग मागितला! ज्या जागेसाठी आपण इतकी वर्षं जळलो, ती जागा हिनं चुन्याच्या बादलीएवढी करून टाकली. आपण तिथं असतो तर? तो ‘तर’ तिला सहन झाला नाही. आपण कधी उभं राहिलो हे तिला कळलंही नाही.

“मॅडम, मेरेको बोलना है.”

दारातला साहेब खाली बसा, खाली बसा म्हणून हात करू लागला. मनसारामनं तिचा पदर ओढला. “बस वं! आपल्याले नाई बलावलं.”

“म्हनूनच उभी हाय, मामाजी.”

खासदारबाईनं हात वर केला. “बोलने दीजिए. कौन हैं आप?”

“मैं भी फौजी की बेवा हूँ. पर मेरा आदमी गोली से नहीं मरा, पानी से मरा. इसलिए पीछे बैठी हूँ.”

छावणीत शिकलेली हिंदी तिच्या तोंडून सरळ येत गेली. तिनं पूर सांगितला, उलटलेली नाव सांगितली, झाडाला लटकलेले दोघे सांगितले. “सुभेदार साहब ने पूछा, मछुआरा किधर है. पूरी पलटन ने उसको देखा. अब आप बताओ मॅडम, वो हुकूम था कि नहीं था? उसका नाम लेके कोई बोला नहीं कि जा. पर जात का नाम लेके पूछा, तो वो कैसे बोलता कि मैं नहीं जाता?”

फौजेचा एक अधिकारी कागद चाळून हिंदीत म्हणाला, “मॅडम, चौकशीत नोंद आहे. जवान उत्तम पोहणारा होता, स्वतःहून उतरला. वडिलांचाच जबाब आहे.”

“गलत जबाब है,” चंदा म्हणाली. “उसको तैरना नहीं आता था. पानी से डरता था वो.”

मनसाराम भिंतीकडे पाहत होता. खासदारबाईनं त्याच्याकडे वळून विचारलं, “बाबा, आप इनके ससुर हैं? ये सच है?”

दुभाष्यानं मराठीत सांगितलं, पण म्हाताऱ्याला आधीच समजलं होतं. तो उठला. टोपी काढून हातात घेतली. आमच्या तलावावर शंभर माणसांपुढं जाळं फेकणारा तो माणूस इथं टोपी हातात फिरवत उभा होता. एका शब्दानं तो सुनेला खोटी पाडू शकत होता. त्याची सगळी उमर त्या शब्दाच्या बाजूनं उभी होती.

“सून खरं बोलून राह्यली,” तो म्हणाला. “पोरगं भ्यायचं. मी लपवलं. लोक हासतीन म्हनून लपवलं. त्याले हुकूम झाला असन, साहेब. हुकूमाबिगर थे पाण्यात पाय नसतं टाकत.”

तो खाली बसला आणि त्यानं टोपी डोक्यावर ठेवलीच नाही.

खासदारबाईनं काही लिहून घेतलं. मग खात्याच्या साहेबाकडे वळून तिनं विचारलं, “वरिष्ठानं ‘मछुआरा कुठं आहे’ असं विचारलं आणि जवान गेला, तर तुमच्या नियमात तो हुकूम धरतात की स्वेच्छा?” साहेब म्हणाला, तपासावं लागेल. “तपासा आणि लेखी द्या,” ती म्हणाली. “अशी किती प्रकरणं खालच्या कप्प्यात पडली आहेत तेही द्या.” चंदाला तिनं खोटी आशा दाखवली नाही. सरळ सांगितलं की समिती निकाल देत नाही. ती विचारते, सुचवते आणि संसदेपुढं ठेवते. मानायचं की नाही ते सरकारच्या हातात. पण विचारलेल्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. पुढं नव्यानं जबाब घेण्याचं पत्र आलं. म्हाताऱ्यानं जे तिथं सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. निकाल अजून लागायचा आहे, आणि सरकारी कामाची चाल आम्हाला ठाऊक आहे.

पण मला सांगायची आहे ती परतीची जीप.

मनसाराम पुढं ड्रायव्हरजवळ बसला आणि लगेच डोळे मिटून घेतले. मागं दोघी जणी. रंजीताच्या मांडीवर गुच्छ होता. ऊर्जानगरच्या चिमण्या मागं पडल्या, जंगल लागलं, सागाची पानं काचेला घासून जाऊ लागली, तरी तिचे डोळे त्या गुच्छावरच होते.

“काय झालं वं?” चंदानं शेवटी विचारलं.

“काई नाई.”

“रंग देतीन म्हने तुह्या गेटाले.”

“चूप बस!” रंजीता एकदम भडकली. “मले माहीत हाय, मले बोलता नाई आलं. तू माह्या जाग्यावर बोललीस. साऱ्या खोलीनं तुह्याकडं पाह्यलं. मले कोनी पाह्यलंबी नाई.”

चंदाला वाटलं, आपल्याला वाईट वाटायला हवं. वाटलं नाही. उलट छातीत काही गोड पसरत गेलं. सगळा जन्म रंजीताकडे पाहत गेला होता, आणि आज रंजीता आपल्याकडे पाहत होती.

थोड्या वेळानं रंजीताच म्हणाली, आवाज उतरवून, “धनराजभाऊ खरंच पाण्याले भ्यायचे?”

“त काय! क्वार्टरात बादलीनं आंघोळ करतानीबी डोये मिटून घ्यायचा. तोंडावर पाणी मी टाकाची. म्हनायचा, ‘चंदा, हळू वं.’ एवढा मोठा फौजी!” चंदा हसली. हसता हसता तिला थांबता येईना, आणि डोळे भरून आले.

रंजीता हसली नाही. गुच्छातल्या एका फुलाची पाकळी ती नखानं फाडत होती.

“प्रफुल कशाले भ्यायचा, मले नाई माहीत,” ती म्हणाली. “क्वार्टर भेटलाच नाई आमाले. सुट्टीत यायचा, त अर्धी सुट्टी पावन्याईत. परत गेला का पत्रात ‘मी बरा हाय’. इतकंच. गेटावर बंदूक धरून उभा करून ठेवला, त्याले लोक सारे ओळखते. मी ओळखत होतो का नाई, हे मलेच नाई माहीत.” मग तिनं मान वळवली. “तुह्या त्या दोन सालाचा मले लय हेवा वाटे, चंदे. अजूनबी वाटते.”

चंदा तिच्याकडे वळली. मग तिनं तेच केलं जे दुसरं कोणी केलं नसतं. समजूत घातली नाही, डोळे पुसले नाहीत. पदर सावरून ती सरकून बसली आणि धनराज पोळ्या कशा वाकड्या लाटायचा ते सांगू लागली. मग तो झोपेत हुकूम कसा द्यायचा ते. मग पूर्वेकडच्या थंडीत तिचे पाय तो आपल्या पायांत घेऊन कसा बसायचा ते. एकेक गोष्ट तिनं सावकाश काढली, नव्या नवरीनं पेटीतून लुगडी काढून दाखवावीत तशी. रंजीताचा चेहरा उतरत गेला. ते चंदाला दिसत होतं, आणि ती थांबत नव्हती.

एका वळणावर ती श्वास घ्यायला थांबली.

रंजीता म्हणाली, “मंग?”